शिक्षेची स्तोत्रं

इंदापूर,
१६ जानेवारी १९९६

प्रिय आक्का,

प्रभूच्या कृपेनं आम्ही ठीक आहोत, तूही ठीक असशील असं धरून सरळ मुद्द्यावर येतो.

आपल्या मंडळीतले झुंबरराव परवा भाच्याच्या साखरपुड्याला बारामतीला आले होते. रविवार असल्यानं सकाळी तुमच्याच देवळात उपासनेला बसले. परत आल्यावर मला म्हणाले, "तुमची मनिषा काय दिसली न्हाय. बहीणबाई एकट्याच हुत्या." चारचौघांत म्हणाले, आक्का. मी इथल्या मंडळीचा पंच. पाळकसाहेब येत नाहीत त्या रविवारी उपासना मी चालवतो. माझं तोंड केवढंसं झालं असेल ते तूच समज.

लेकीला अकरावीपासून तुझ्याकडं ठेवली ती कॉलेजसाठी, पण तुझ्या घराला देऊळ जवळ म्हणूनही. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी बिशपसाहेब बारामतीला येणार आहेत. त्या दिवशी दृढीकरण आहे आणि मनिषाचं नाव मी पाळकसाहेबांकडं दिलंय. बाप्तिस्म्याच्या वेळी तिच्या वतीनं आम्ही शब्द दिला होता. तो आता तिनं सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडानं द्यायचा. ते झालं नाही, तर बारावीनंतर तिचं शिक्षण बंद. करमाळ्याकडचं एक स्थळ आलंय. मुलगा शिक्षक आहे, घर प्रार्थनेचं आहे. देवाचं भय सुटलेल्या मुलीला बी.एस्सी. करून काय करायचंय?

इथं घरात सगळं शिस्तीत चालू आहे. सकाळी आणि जेवणाआधी प्रार्थना. काल धाकट्या श्रेयानं दुधाचं पातेलं उलथं केलं. तिला एक स्तोत्र पाठ करायला दिलं, म्हणून दाखवल्यावरच ताट वाढलं. आप्पा आपल्याला लाकडी रुळानं मारायचे ते मी विसरलेलो नाही. तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या लेकरांवर हात टाकणार नाही. माझ्या घरात शिक्षा म्हणजे देवाचं वचन. त्यात कुणाचं काय वाईट होणार?

खरं काय ते कळव. सारजाचा तुला सलाम.

तुझा भाऊ,
जयवंत

●

बारामती,
२३ जानेवारी १९९६

जयवंता,

तुझं पत्र मिळालं. एवढं तापलेलं पत्र पोस्टमननं नुसत्या हातानं कसं आणलं कोण जाणे, चिमटा लागायला हवा होता.

झुंबररावांचं लक्ष उपासनेत बायकांच्या बाकांवर असतं हे मला ठाऊक नव्हतं. आता पुढं बसताना पदर नीट घेत जाईन. मनिषाला त्या रविवारी सर्दी झाली होती. बारावीचं वर्ष आहे, पोरगी पहाटे उठून अभ्यासाला बसते. जेवते नीट, हसते कमी. तिच्या वयात आपण दोघं किती हसायचो आठव.

माझं विचारशील तर निवृत्त नर्सला काम नसतं असं लोकांना वाटतं. परवा मेथी निवडत बसले होते. निवडता निवडता वॉर्डातले जुने पेशंट आठवायला लागले. एकेकाचं नाव घेऊन देवाला सांगत गेले, याचं बघ, तिचं बघ. मेथी संपली तरी उठवेना. चूल पेटवायची राहिली आणि मनिषाला कॉलेजला शिळी भाकरी न्यावी लागली. म्हणाली, आत्या, तुझी प्रार्थना मला महागात पडते. पण बोलताना गालात हसत होती.

तुला एक विचारते, राग धरू नको. पवित्र शास्त्र मिटू नये, अजून थोडं वाचत राहावं, असं तुला शेवटचं कधी वाटलं? मंडळीचं सोड, घरच्यांचं सोड. तुला स्वतःला?

सारजाला सांग, तिच्या माहेरच्या कळंबची हरभऱ्याची भाजी खाऊन फार दिवस झाले. कुणी येणारं असलं तर पाठव.

तुझी आक्का,
फुलाबाई

●

इंदापूर,
३० जानेवारी १९९६

प्रिय आक्का,

सर्दीचं वाचलं. लहानपणी तू खोटं बोललीस की पुढं लगेच विनोद करायचीस, तेही आठवलं. तुझ्या पत्रात विनोद जरा जास्तच आहेत.

आनंदाचं विचारतेस. बैलाला जू आवडतं का, असं कुणी विचारतं का? तो ओढतो म्हणून शेत उभं राहतं. मी रोज वाचतो, घरच्यांना वाचायला लावतो, यात माझं काही चुकतंय असं मला वाटत नाही. आज पोरांना आवडेल तेवढंच धर्म म्हणून द्यायला लागलो, तर उद्या त्यांना काहीच आवडणार नाही.

माझ्या दोन पत्रांना मनिषानं उत्तर दिलेलं नाही. म्हणून सोबत तिच्यासाठी वेगळी चिठ्ठी ठेवलीय. शास्त्रातलं सगळ्यात लांब स्तोत्र तिनं पूर्ण पाठ करायचं. अर्धंअधिक तिला येतंच, वेगवेगळ्या वेळी दिलेलं आहे. ११ फेब्रुवारीच्या रविवारी मी येतोय. आधी तुमच्या देवळात उपासनेला बसेन, मग घरी येऊन ऐकेन.

तिला देवळात घेऊन ये.

जयवंत

●

बारामती,
१३ फेब्रुवारी १९९६

जयवंता,

रविवारी तू चहाही न घेता स्टँडकडं निघून गेलास. जे झालं ते तुझ्या डोळ्यांदेखत झालं, तरी मी लिहून पाठवतेय, कारण तू ते तुझ्या सोयीनं लक्षात ठेवशील याची मला भीती वाटते.

देवळात मी एकटीच होते. उपासना झाल्यावर तू माझ्या पुढं पुढं चालत घरी आलास. मनिषा मागच्या दाराच्या पायरीवर फिजिक्सचं पुस्तक घेऊन बसली होती. कशी आहेस, असं तू विचारलं नाहीस. उभ्या उभ्या "म्हण" म्हणालास.

आणि ती उठली, पुस्तक पायरीवर ठेवलं आणि तिनं म्हटलं. सगळं, एकही शब्द न अडखळता. तुझा चेहरा उजळत गेला तो मी पाहिला. तू माझ्याकडं बघितलंस सुद्धा, बघ म्हणून. मग ती थांबेल असं वाटलं, तर थांबली नाही. "आता बाकीची पण ऐका, पप्पा," म्हणाली. एकेका स्तोत्राची पहिली ओळ म्हणायची आणि पुढं सांगायची. हे चौथीत पाटी फोडली तेव्हाचं. हे शेजाऱ्यांचा फराळ न विचारता खाल्ला त्याचं. हे तुमच्या आधी ताटावर बसले त्याचं. शेवटी मेंढपाळाचं स्तोत्र घेतलं. म्हणाली, "हे आजी गेली तेव्हाचं. मी रडायची थांबत नव्हते म्हणून."

तेव्हा तू तिच्या थोबाडीत दिलीस.

इतकी वर्षं जपलेला शब्द तू माझ्या मागच्या दारात मोडलास आणि पिशवी उचलून चालता झालास. ती रडली नाही. मी रडले. मग तिनंच मला पाणी आणून दिलं. मी विचारलं, बाई, देवावर राग आहे का तुझा? म्हणाली, "देवाचा राग नाही आत्या. पण शास्त्र उघडलं की मला त्याचा आवाज ऐकूच येत नाही. पप्पांचाच येतो."

सर्दी खोटी होती. दिवाळीपासून ती देवळात आलेली नाही. मी ओढली नाही आणि तुला कळवलंही नाही. त्याचा जाब देवाला देईन, तुला नाही.

आप्पा मारायचे, खरं आहे. मला तुझ्याहून जास्त मार बसलाय. पण मारून झालं की रूळ कोनाड्यात ठेवायचे, हात धुवायचे आणि उंबऱ्यात शास्त्र घेऊन बसायचे. वाचता वाचता स्वतःशीच हसायचे. आपल्याला रुळाची भीती वाटली, शास्त्राची कधी वाटली नाही. तू रूळ टाकून दिलास आणि त्याच्या जागी काय हातात घेतलंस ते एकदा बघ.

पुढच्या आठवड्यात लेंट लागतंय. लोक चाळीस दिवस मटण सोडतात, चहा सोडतात. तू दुसऱ्याला प्रार्थनेला बसवणं सोड. ईस्टरपर्यंत कुणाला काही पाठ करायला देऊ नकोस, कुणाला हाक मारू नकोस. शास्त्र फक्त स्वतःसाठी उघड. गोड लागेल तिथं थांब. काहीच गोड लागलं नाही तर मिटून ठेव आणि देवाला तसं सांग. एवढा उपास तुला झेपतो का बघू.

आक्का

●

इंदापूर,
१९ फेब्रुवारी १९९६

आक्का,

हात उचलला ते चुकलं. ते मी देवापुढं मांडलंय, तुझ्यापुढं मांडायची गरज नाही. बाकी तुझ्या पत्रातलं मला काही पटलेलं नाही. घरची प्रार्थना बंद ठेवायचा उपास मी तरी कुठं ऐकला नाही. उद्या म्हणशील, पाणी न पिता तहान भागव.

तुला वाटतं माझ्या घरात भीती आहे. परवाचं सांगतो. श्रेयाच्या हातून कपबशी फुटली. मी कचेरीतून आलो, तर पोरगी शास्त्र छातीशी धरून दारातच उभी. "पप्पा, कोणतं?" म्हणाली. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. नऊ वर्षांची पोर आपली चूक ओळखते आणि आपणहून देवाच्या वचनाकडं येते. याला मी वळण म्हणतो. मनिषाला ते तुझ्याकडं येईपर्यंत होतं.

तिचे पेपर २० मार्चला संपतात. २१ ला मी तिला न्यायला येतो. सामान बांधून ठेव. कॉलेजचा कुठलाही फॉर्म भरू नये. २४ ला करमाळ्याचे पाहुणे बघायला येणार आहेत, मी शब्द दिलाय. दृढीकरणासाठी ती इंदापुराहून माझ्याबरोबर बारामतीला येईल आणि माझ्या शेजारी बसेल.

जयवंत

●

बारामती,
२७ फेब्रुवारी १९९६

जयवंता,

श्रेयाचं वाचलं आणि हातातलं ताट खाली ठेवलं. त्या दिवशी जेवण गेलं नाही. अरे, ती वचनाकडं आली नव्हती. ती तुझ्या हातात रूळ द्यायला उभी होती. आप्पा ओरडले की आपण नाही का स्वतःच कोनाड्यातून रूळ काढून आणायचो, मार लवकर संपावा म्हणून?

सामान मी बांधणार नाही. मनिषाला यायचं असेल तर ती तुझ्याबरोबर येईल. तिला यायचं नसेल, तर तू पंच असशील नाहीतर तहसीलदार, माझ्या उंबऱ्यातून तुला ती नेता येणार नाही. पाहुण्यांचं तिला मी सांगितलेलं नाही. पेपर चालू आहेत. या दिवसांत तू तिला पत्र लिहिलंस तर मी ते उघडून वाचीन आणि तिला देणार नाही. कुणाकडं तक्रार करायची ती कर.

लेंटमध्ये मी काय सोडलंय सांगते. देवाकडं तुझ्याबद्दल गाऱ्हाणं करणं सोडलंय. फार जड जातंय.

इथं प्रार्थनेला कुणी कुणाला बोलवत नाही. मी भांडी घासताना भजनं म्हणते. आवाज काही गोड नाही, भांड्यांचा बरा म्हणायचा. मनिषा आत वाचत असते. काल एका कडव्यात मी शब्द चुकले, तर आतून आवाज आला, आत्या, तिथं तसं नाहीये. मी मुद्दाम पुन्हा चुकले. पुन्हा आवाज आला. तिसऱ्यांदा चुकले तेव्हा ती दारात आली आणि म्हणाली, तुझी लबाडी कळलीय मला. गायली नाही हं. पण दारातच उभी राहिली, माझी भांडी होईपर्यंत.

मला एवढंच पुरलं. तुला पुरणार नाही, माहीत आहे.

आक्का

●

इंदापूर,
१५ मार्च १९९६

आक्का,

हे दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहितोय. श्रेयाला टायफॉईड झालाय. आधी साधा ताप म्हणून घरीच काढला, ती चूक झाली. सोमवारी ग्लानीत गेली तेव्हा दाखल केली. सलाईन चालू आहे. डॉक्टर म्हणतात, धोका अजून टळलेला नाही. मनिषाला पेपर होईपर्यंत सांगू नकोस.

मंगळवारी दुपारी पोरगी फार तापली होती. सारजा ओल्या फडक्यानं तिचं अंग पुसत होती. पिशवीत शास्त्र होतं ते काढलं. वाटलं, कानावर वचन पडेल, पोरीला धीर येईल. तिच्या उशाशी बसून पान उघडलं. पानांचा आवाज झाला तशी तिनं डोळे उघडले. माझ्या हाताकडं बघितलं आणि ओठ थरथरायला लागले. "पप्पा, मी काय केलं?"

एवढंच म्हणाली. मग रडायला लागली. अंगात रडण्याएवढी ताकद नव्हती, नुसतं तोंड वाकडं होत होतं. मी म्हणालो, काही नाही गं, तू काही केलं नाहीस. ती ऐकेना. माझ्या हातात शास्त्र होतं ना. मी ते मिटलं, पिशवीत घातलं, पिशवी बाकाखाली सरकवली, तेव्हा गप्प झाली.

मी व्हरांड्यात आलो. प्रार्थना करावी म्हणून डोळे मिटले, तर शब्दच येईनात. खोटं सांगत नाही आक्का. आजवर मी प्रार्थना केली ती कुणाला तरी ऐकू जावी म्हणून. मंडळीला, नाहीतर घरच्यांना. ऐकणारं कुणी नाही म्हटल्यावर मला काय बोलायचं ते माहीत नव्हतं. मी भ्यालो. पोर हाताला लागत नाही आणि देवही लागत नाही, असं वाटलं.

आत सारजा बोलत होती. आधी वाटलं नर्सशी बोलते. बघितलं तर श्रेयाचं डोकं मांडीवर घेऊन डोळे उघडे ठेवूनच बोलत होती, नळावर शेजारणीशी बोलावं तशी. "देवा, पोरीनं दोन घास पेज खाल्ली बघ. काल तेवढी पण न्हवती गेली. मीठ जरा कमी झालं हुतं, पण खाल्ली. आता ताप उतरीव, म्हंजी निजंल." पेजेच्या मिठाचं देवाला सांगत होती! आणि तोंडावर काय समाधान. एवढ्या काळजीत. लग्नाला इतकी वर्षं झाली, बायको असं बोलते हे मला माहीत नव्हतं. माझ्या प्रार्थनेत ती नुसती आमेन म्हणते.

मला हेवा वाटला. सख्ख्या बायकोचा.

तेव्हापासून मी एक करतोय. तू हसशील. दिवसातून एकदा व्हरांड्यात उभा राहून देवाला एक गोष्ट सांगतो. पहिल्या दिवशी काहीच सुचलं नाही, तर म्हणालो, आज दवाखान्याच्या नळाला पाणी आलं. म्हटल्यावर माझं मलाच हसू आलं.

करमाळ्याच्या पाहुण्यांना मी अजून काही कळवलेलं नाही. शब्द दिलेला आहे. शब्द मोडायची मला सवय नाही आणि मोडला त्या दिवशी काय झालं ते तू पाहिलंस. २१ ला मी येऊ शकणार नाही. पण पाहुणे येतील. काय करावं ते मला दिसत नाही.

जयवंत

●

बारामती,
२० मार्च १९९६

जयवंता,

हे पत्र मनिषाच्याच हाती देतेय. शेवटचा पेपर देऊन दुपारी आली, तिला बसवलं आणि दोन्ही गोष्टी सांगितल्या. श्रेयाचं सांगितलं तेव्हा तिनं चपला घातल्या. पाहुण्यांचं सांगितलं तेव्हा काढल्या. पुन्हा पायरीवर जाऊन बसली. मी म्हटलं, तू नाही गेलीस तरी मी तुला नावं ठेवणार नाही. मी जाते श्रेयाकडं. ती म्हणाली, "मी गेले आणि त्यांनी परत पाठवलं नाही तर?"

तू तसं करणार नाहीस असं मी सांगू शकले नाही, जयवंता. सख्खी बहीण असून सांगू शकले नाही.

तरी ती निघाली. कपड्यांची पिशवी लहान घेतलीय, ते बघ आणि समजून घे. काही पाठ म्हणायला सांगू नकोस. काही वाचून दाखवू नकोस. तिला आधी जेवायला घाल.

आक्का

●

इंदापूर,
२५ मार्च १९९६

प्रिय आक्का,

श्रेयाचा ताप उतरला. काल तिला घरी आणली. देवाचे उपकार, आणि हे मी वहिवाट म्हणून लिहीत नाही.

मनिषा वॉर्डाच्या दारात आली तेव्हा मी उठून उभा राहिलो. पुष्कळ बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते, "कुठल्या एसटीनं आलीस?" तिनं सांगितलं, कळंबवरून येते तिनं. मग ती श्रेयाजवळ बसली ती उठलीच नाही. दोघी बहिणी काहीतरी कुजबुजायच्या आणि मी जवळ गेलो की थांबायच्या. मी जवळ जाणं कमी केलं.

पाहुण्यांना मी शुक्रवारी पत्र टाकलं, येऊ नका म्हणून. अर्थात ते पोचायच्या आधी पाहुणे काल दारात. मुलगा, बाप, मामा, सगळे. मी त्यांना अंगणातच गाठलं. म्हणालो, माफ करा, मुलीला पुढं शिकायचंय, मी न विचारता शब्द दिला होता. मुलाचे वडील म्हणाले, "पंचाचा शब्द म्हणून एवढ्या लांब आलो आमी." मी मान खाली घातली. शेजारीपाजारी बघत होते. लाज वाटली आक्का, खोटं कशाला सांगू, अजून वाटते. तेवढ्यात मनिषा आतून पाण्याचे तांबे घेऊन आली. पाहुण्यांना पाणी दिलं, माझ्याकडं न बघता आत गेली. ते पाणी पिऊन गेले.

संध्याकाळी मी तिला म्हणालो, दृढीकरणाच्या यादीतून तुझं नाव काढायला पाळकसाहेबांना कळवतो. मला वाटलं तिला बरं वाटेल. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "नाव देताना विचारलं नव्हतं. काढताना तरी विचारा."

बघ, पुन्हा तेच केलं होतं मी. उदारपणाच्या तोऱ्यात केलं होतं. मग विचारलं. म्हणाली, "अजून माहीत नाही." मी बरं म्हणालो आणि बाहेर आलो. 'माहीत नाही' हे उत्तर माझ्या घरात मी आजवर चालू दिलेलं नव्हतं.

तू सांगितलेला उपास मी उशिरा धरलाय. घरात मी कुणाला प्रार्थनेला बोलवत नाही. सारजाला पहिले दोन दिवस चुकल्यासारखं झालं, आता ती तिची तिची बोलत असते. मी सकाळी कचेरीत जायच्या आधी थोडं वाचतो, एकटाच. गोड लागेल तिथं थांब म्हणाली होतीस. पुष्कळ दिवस काही लागलं नाही. तसं देवाला सांगत होतो, तुझ्या सल्ल्याप्रमाणं. आज मात्र एका ओळीपाशी थांबलो. शेकडो वेळा मंडळीत वाचलेली ओळ. आज ती मलाच कुणीतरी म्हटल्यासारखी वाटली. तीच घोळवत चालत होतो, तर कचेरीचं फाटक मागं राहिलं आणि मी पार बाजारपेठेपर्यंत गेलो. कामावर उशिरा पोचलो. आयुष्यात पहिल्यांदा मला उशीर झाला आणि वाईट वाटलं नाही.

श्रेया मात्र अजून, मी शास्त्र हातात घेतलं की माझ्या तोंडाकडं बघते. सारजा म्हणते, जाईल हळूहळू. मला ते बघवत नाही. तरी बघतो.

मनिषा उद्या सकाळच्या गाडीनं परत येतेय. तिला सोडायला मी स्टँडवर जाणार आहे. उतरवून घ्यायला तू ये.

जयवंत

●

बारामती,
९ एप्रिल १९९६

पप्पा,

सलाम. तुमच्या आधीच्या पत्रांना मी उत्तर दिलं नव्हतं. हे कुणी सांगितलं म्हणून लिहीत नाहीये. आत्याला माहीतही नाही, ती बाहेर पापड वाळत घालतेय.

झावळ्यांच्या रविवारी मी आत्याबरोबर देवळात गेले होते. मागच्या बाकावर बसले. माझं नाव वाचलं गेलं. मी उठले नाही. पुढं गेलेल्या मुली नंतर माझ्याकडं बघत होत्या, आत्या मात्र भजनाच्या पुस्तकात बघत राहिली. पाळकसाहेब म्हणाले, पुढच्या वर्षीही असतं. मी त्यांना सांगितलं, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. तुम्हाला हे दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं. तुम्हाला वाईट वाटेल, मला माहीत आहे.

बी.एस्सी.चा फॉर्म निकालानंतर मिळेल. त्यावर पालकांची सही लागते. मी पाठवीन.

स्टँडवर तुम्ही मला शेंगदाण्याची पुडी दिलीत आणि एसटी सुटेपर्यंत खिडकीशी उभे राहिलात. काहीच बोलला नाहीत. मला वाटत होतं, आता काहीतरी सांगाल, शेवटी एखादं वचन तरी. गाडी भिगवणकडच्या रस्त्याला लागेपर्यंत मी वाट बघत होते. नंतर कळलं की तुम्ही सांगणारच नव्हता. मग मी पुडी सोडली.

ईस्टरच्या दिवशी दुपारी आत्या झोपली होती. मी तिचं शास्त्र घेतलं. तुम्ही कधीच शिक्षा म्हणून दिलं नाही असं एखादं स्तोत्र उरलंय का, ते बघायचं होतं. सुरुवातीपासून एकेक बघत गेले. बराच वेळ लागला, पप्पा. जवळजवळ सगळी ओळखीची निघाली. एकेकाशी थांबले की काय फोडलं होतं, काय सांडलं होतं, ते आठवायचं. मिटून ठेवणार होते. मग एक सापडलं. लहान आहे. आपल्या घरात ते कधीच कुणाला दिलेलं नाही, मी आठवून बघितलं.

मी ते वाचलं. कुणाचाच आवाज आला नाही. म्हणून पुन्हा वाचलं. मग मोठ्यानं वाचलं, तर आत्या जागी झाली. तरी मी थांबले नाही.

मला आवडलं. श्रेया बरी झाली की तिला मी ते वाचून दाखवणार आहे.

कोणतं ते मात्र तुम्हाला सांगणार नाही.

तुमची,
मनिषा